संस्कृतीच्या शेजारची जागा

अनंत खांबेटे यांच्याकडे कुणी काम घेऊन आलं की ते आधी नाही म्हणत, मग त्या माणसाचं कुठे चुकतं आहे ते समजावून सांगत, आणि शेवटी काम ठेवून घेत. सरकारच्या सांख्यिकी खात्यात उभी हयात काढलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून हात स्वस्थ बसत नाहीत. कोथरूडला त्यांच्या सोसायटीत लिफ्टशेजारी पाण्याच्या टँकरचा वर्षभराचा आलेख लावलेला असे, तो त्यांनीच काढलेला. तो कुणी वाचत नसे, पण तो चुकीचा आहे असं म्हणायचीही कुणाची छाती नव्हती.

तेव्हा शिक्षण मंडळाचे कार्यवाह सुदर्शन परचुरे फेब्रुवारीतल्या एका सकाळी पेनड्राइव्ह घेऊन आले, ते योग्य घरी आले होते. मंडळाच्या शाळा दोन. एक कोथरूडची, जुनी, नावाजलेली, जिथे प्रवेश मिळाला की लोक नातेवाइकांना पेढे वाटतात. दुसरी कात्रजच्या पलीकडे, महापालिकेत नुकत्याच आलेल्या एका गावात. तिच्या वरच्या मजल्यावर अजून पत्रे होते आणि मंडळाच्या वार्षिक अहवालात तिचा फोटो नेहमी शेवटच्या पानावर असे.

दोन्हीकडे पाचवीला आणि आठवीला मंडळ एक चाचणी घेई. दोन्ही वेळा मोजपट्टी एकच, त्यामुळे मूल तीन वर्षांत किती चढलं ते कळे. दर जूनला कात्रजकडची आठवीतली पहिली चार मुलं कोथरूडला नववीच्या विशेष वर्गात आणत. फी आणि बसचा पास मंडळाकडे. आता या चार जागा ठेवायच्या की बंद करायच्या, असा प्रश्न समितीपुढे होता. बंद झाल्या असत्या तर त्या घ्यायला कोथरूडचे पालक रांगेत उभे होतेच.

'फक्त हुशार मुलं घ्या,' परचुरे म्हणाले. 'पाचवीत वरच्या गटात होती ती. तीन वर्षांत कुणाची किती वाढ झाली ते काढा, उत्पन्नाप्रमाणे आणि प्रवर्गाप्रमाणे. मार्चच्या बैठकीत ठेवू.'

'आणि निष्कर्ष?'

'तो तुम्ही काढायचा.'

'तुमचा तयार दिसतोय, म्हणून विचारलं.'

परचुरे हसले. खांबेट्यांचा चहा पिऊन, खांबेट्यांचंच बोलणं ऐकून घेऊन हसत जायची त्यांना सवय होती.

खांबेट्यांनी नेहमीप्रमाणे पाचवीचे गुण उतरत्या क्रमाने लावले आणि पहिल्याच पानावर त्यांना त्यांचा नातू भेटला. सलिल खांबेटे, ४१२. उत्पन्नगट सर्वांत वरचा, प्रवर्ग खुला. आठवीत ४९७. आजोबांना बरं वाटलं. आकडेवारीच्या माणसाला शोभेल त्यापेक्षा जरा जास्त वेळ बरं वाटत राहिलं.

त्याच्या खालच्या ओळीत पाचवीला तेवढेच गुण मिळालेलं आणखी एक नाव होतं. संस्कृती संपत गायसमुद्रे, शाळा कात्रजकडची. वडिलांचा व्यवसाय फरशी बसवणे, उत्पन्नगट सर्वांत खालचा, प्रवर्ग अनुसूचित जाती. आठवीत ४३१. तिच्या शाळेत तीच पहिली होती, म्हणजे चार जागा राहिल्या तर त्यांतली पहिली तिची. तीन वर्षांपूर्वी ही दोन मुलं एका पायरीवर उभी होती, आणि आता त्यांच्यात सहासष्ट गुणांचं अंतर होतं.

बाकीची मुलंही तशीच. हुशारांतल्या सुस्थितीतल्या मुलांची वाढ भरपूर, गरीब मुलांची त्याच्या जेमतेम पाव. प्रवर्गाप्रमाणे मांडलं तरी चित्र तेच. इतकं स्वच्छ चित्र पाहून परचुऱ्यांना आनंद झाला असता. खांबेट्यांना संशय आला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खरा आकडा कधी इतका स्वच्छ पाहिला नव्हता.

त्यांना दोन ओळी खुपत होत्या. पहिली राजनंदिनीची. ही त्यांच्याच सोसायटीच्या वॉचमनची, बजरंगची मुलगी. जिन्याखालच्या खोलीत राहणारी, पण शाळा कोथरूडची. घरचं उत्पन्न संस्कृतीच्या घराएवढंच, प्रवर्गही तोच, आणि वाढ जवळपास सलिलएवढी. दुसरी ओळ पियुषची. हा कात्रजकडच्या शाळेतला. त्याचे आजोबा मच्छिंद्रशेठ, ज्यांच्या शेतांच्या आता इमारती झाल्या होत्या. शाळा घराच्या दारात आणि जागा आजोबांनी दिलेली, म्हणून नातू तिथे. उत्पन्नगट सर्वांत वरचा, प्रवर्ग खुला, पाचवीला सलिलच्या बरोबरीचा, आणि तीन वर्षांतली वाढ एकवीस.

'अहो, पियुष एक अपवाद,' परचुरे फोनवर म्हणाले.

'ज्याचं कारण शोधायचा आपल्याला कंटाळा आलेला असतो, त्याला आपण अपवाद म्हणतो.'

'पण एकंदरीत ही मुलं पुढे टिकत नाहीत, असं म्हणायला हरकत नाही ना? घरातून पाठबळ लागतं, संस्कार लागतात.'

'वॉचमनच्या खोलीत संस्कार आहेत आणि मच्छिंद्रशेठच्या बंगल्यात नाहीत, असं लिहू का?'

परचुऱ्यांनी बैठकीची तारीख पुन्हा सांगितली आणि फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना खांबेट्यांनी हा विषय काढला, तेव्हा त्यांची सून अपूर्वा म्हणाली, 'पण बाबा, त्या मुलांना इथलं फार जड जातं हो. सलिलच सांगतो. दर वर्षी येतात आणि पहिले सहा महिने गप्प बसून असतात बिचारी. त्यांच्याच दृष्टीने म्हणतेय मी.' अपूर्वा मनाने चांगली होती आणि खरंच त्यांच्याच दृष्टीने म्हणत होती. खांबेट्यांनी भाजी वाढून घेतली. पैसा आणि जात बाजूला काढली तर उरते शाळा, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पण पुस्तकं दोन्हीकडे तीच, अभ्यासक्रम तोच, मंडळ तेच. मग शाळेत नेमकं काय होतं, हे कागदावरून कळणार नव्हतं. न कळलेल्या गोष्टीवर खांबेटे सही करत नसत.

दुसऱ्या दिवशी ते दोन बस बदलून आणि पुढे शेअर रिक्षा करून कात्रजच्या पलीकडे गेले. आगाऊ कळवलं नाही. आगाऊ कळवलेल्या तपासणीत रांगोळी बघायला मिळते, हा त्यांचा खात्यातला अनुभव.

मुख्याध्यापिका शेवाळेबाई शाळेत नव्हत्या. शिपायाने आठवीचा वर्ग दाखवला. वर्गात साठ-सत्तर मुलं होती, शिक्षक कुणी नव्हते, आणि तरी गडबड नव्हती. एका बाकावर दोघं दोघं, माना खाली घालून काहीतरी कुजबुजत होती. फळ्यापाशी दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत मुलगी खडू घेऊन उभी होती.

'पायल, तिसऱ्या ओळीत काय चुकलं?'

पहिल्या बाकावरची पायल बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. 'उणेचं अधिक झालंय.'

'का झालं?'

'तू मुद्दाम केलं असशील.'

वर्ग हसला. फळ्यापाशीची मुलगीही हसली आणि तिने उणे पुन्हा उणे केलं. मग तिला दारातले खांबेटे दिसले. 'सर, तुम्ही तपासायला आलाय का? बाई मतदारयादीच्या कामाला गेल्यात. येतीलच.'

'तू कोण?'

'मी संस्कृती. मी याच वर्गातली हाय.'

खांबेटे शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि उरलेला तास त्यांनी ऐकला. मुलगी चांगली शिकवत होती. खात्यातल्या प्रशिक्षणवर्गात त्यांनी पगारी लोक याहून वाईट शिकवताना पाहिले होते. शेजारच्या खोलीत पियुष सातवीच्या मुलांपुढे पाठीमागे हात बांधून फेऱ्या घालत होता. अंगावर शेठचा नातू असल्याची थोडी ऐट होती, पण अपूर्णांक तो मन लावून समजावत होता. जे शिकवत होता, ते मात्र तो स्वतः दोन वर्षांपूर्वीच शिकलेला होता.

शेवाळेबाई घामाघूम होऊन आल्या. पदराने तोंड पुसत त्यांनी खुर्ची पुढे केली आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं. 'तीन वर्षं झाली, दोन शिक्षक कमी आहेत. मंडळाला सांगून सांगून जीभ झिजली. मग मीच जोड्या लावल्या. पाचवीत वर आलेलं पोर घ्यायचं, त्याच्या शेजारी सगळ्यात कच्चं बसवायचं. हुशारानं शिकवायचं, कच्च्यानं विचारायचं. आणि बाई नसल्या की वर्ग हुशारांनीच घ्यायचा. ही पायल पाचवीत आली तेव्हा हातच्याची वजाबाकी येत नव्हती तिला. आता समीकरणं सोडवते.'

'संस्कृतीनं शिकवलं?'

'दुसरं कोण होतं?'

'मग संस्कृतीला कोण शिकवतं?'

शेवाळेबाईंनी त्यांच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. 'तिला येतं ना,' त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खांबेटे खिडकीशी बसले आणि ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना. बाईंचा त्यांना राग आला नाही. पटावर शिक्षक नसताना शाळा चालवायची तर कुणीही हेच केलं असतं. पण कोथरूडला ज्या तीन वर्षांत सलिलला नवं नवं वाढून दिलं जात होतं, त्याच तीन वर्षांत ही मुलगी येत असलेलंच पुन्हा पुन्हा दुसऱ्यांना वाढत होती. आणि तिचं मोजमाप घ्यायचं काम ज्या माणसाकडे आलं होतं, तो परवापर्यंत तिला एका ओळीत उरकून मोकळा झाला असता. याचं त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

शेवाळेबाईंकडून जोड्यांची यादी मागवून त्यांनी नवा तक्ता केला. डावीकडे हुशार मूल आणि त्याची वाढ, उजवीकडे त्याचा जोडीदार आणि त्याची वाढ. तक्ता इतका बोलका झाला की खुद्द त्यांनाच तो पुन्हा पुन्हा काढून बघावासा वाटू लागला. संस्कृती १९, पायल ११३. पियुष २१, त्याचा जोडीदार ९८. ओळीमागून ओळ तेच. खात्यात असते तर त्यांनी नावांच्या जागी क्रमांक घातले असते. नावं उघड करायची नाहीत, हा खात्याचा नियम आणि त्यांचा स्वतःचाही. चार कनिष्ठांना त्यांनी त्यावरून झापलंही होतं. पण समितीतल्या मंडळींना क्रमांक दाखवले की ती घड्याळाकडे बघतात. माणसं दिसली तर दोन मिनिटं जास्त ऐकतील, असं वाटून त्यांनी या एका वेळी नावं तशीच ठेवली.

बैठक कोथरूडच्या शाळेत, कार्यालयाच्या मागच्या खोलीत झाली. पाच माणसं, चहा आणि क्रीमची बिस्किटं. खांबेट्यांनी पहिला तक्ता मांडला, तो परचुऱ्यांना आवडला. मग त्यांनी पियुष आणि राजनंदिनीला पुढे करून तोच मोडून काढला, तेव्हा परचुऱ्यांनी बिस्किट बशीत ठेवलं. मग दुसरा तक्ता आला.

'या हुशार मुलांची वाढ अडली ती घरामुळे नाही आणि जातीमुळेही नाही,' खांबेटे म्हणाले. 'आपल्या कोथरूडच्या शाळेत गरीब मुलंही वाढली आहेत. तिकडे श्रीमंत मुलगाही अडला आहे. तिकडची हुशार मुलं तीन वर्षं शिकली कमी आणि त्यांनी शिकवलं जास्त. त्यांची न झालेली वाढ शेजारच्या रकान्यात आहे. वाचून पाहा. तेव्हा ती टिकत नाहीत असं म्हणून जागा बंद करणं म्हणजे आपण शिक्षक दिले नाहीत याची शिक्षा त्यांना करणं.'

मंडळींनी वाचून पाहिलं. परचुरे जरा जास्तच वेळ वाचत होते, आणि वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

'खांबेटे, हे फार मोलाचं काम केलंत तुम्ही. कच्ची मुलं एवढी पुढे आली आहेत. आपल्या मंडळाच्या इतिहासात नाही झालं असं.' ते बाकीच्यांकडे वळले. 'मग या हुशार मुलांना तिथून उचलून इकडे आणायचं कशाला? चार इकडे आली की तिकडची चाळीस बुडणार. हे मी नाही म्हणत, यांचा तक्ता म्हणतो. राहू दे त्यांना तिकडेच. शाळेची सेवा होतेय.'

मुलगी मठ्ठ ठरली असती तर जागा गेली असती, आणि ती हुशार ठरली म्हणूनही जागा चालली होती. तक्ता त्यांचा होता, आकडे बरोबर होते, आणि परचुऱ्यांचं वाचन आकड्यांच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं.

'पद्धत इतकी उत्तम असेल तर इथेही सुरू करा,' ते म्हणाले. 'कोथरूडला कच्ची मुलं नाहीत असं थोडंच आहे.'

'अवश्य करू. सलिलपासूनच करू या?' परचुरे गोड हसले. 'आजोबांची परवानगी आहे असं धरतो.'

परचुरे चेष्टा करत होते, हे सगळ्यांना कळत होतं. खांबेट्यांनाही कळत होतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना भीती वाटली. ही मंडळी खरंच हो म्हणतील, सलिल दोन वर्षं कुणाला तरी हातचा शिकवत बसेल, त्याची नववी जाईल, दहावी जाईल, आणि घरी अपूर्वाला काय सांगायचं, हे सगळं एका दमात त्यांच्या मनात येऊन गेलं. आपण इतके घाबरू असं त्यांना वाटलं नव्हतं. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते.

'नको,' ते म्हणाले.

'मग झालं तर.'

'झालं नाही. मला नको वाटलं, तेच सांगतोय. माझ्या नातवानं आपलं शिकणं सोडून दुसऱ्याला शिकवत बसावं, हे मला चालणार नाही. इथेच शिकणाऱ्या तुमच्या नातीनं बसावं, हे तुम्हाला चालणार नाही. संपत गायसमुद्रे यांना चालतं का, हे विचारायला तीन वर्षांत आपल्यातलं कुणी गेलं नाही. दोन शाळांत फरक आहे तो एवढाच. हे तक्त्यात घालता येत नाही, म्हणून तोंडी सांगतो. टिपणात लिहून घ्या.'

टिपणं घेणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ते खरंच लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या की जागा ठेवाव्यात, आपलं तसं मत आहे. मग आणखी एकाचं तसं मत पडलं. शेवटी चारही जागा राहिल्या. मुलांनी आणि पालकांनी मार्चअखेर होकार कळवायचा असं ठरलं. कात्रजकडे दोन शिक्षक लवकरात लवकर नेमायचंही ठरलं. मंडळाच्या भाषेत लवकरात लवकर म्हणजे दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, ते कुणी विचारत नाही.

खांबेटे घरी आले ते खुशीत. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या तक्त्याने एका जिवंत माणसाचं भलं केलं, असं त्यांना वाटत होतं. ही खुशी आठवडाभर टिकली. मग शेवाळेबाईंचा फोन आला.

'संस्कृती नाव काढा म्हणते.'

'वडील नको म्हणतात का?'

'बाप बिचारा हरखलाय. हिचंच काहीतरी बिनसलंय. तुमच्या त्या कागदावरून. तुम्हीच या.'

कागदावरून म्हणजे काय, ते तिथे पोचल्यावर कळलं. एवढं मोलाचं काम वाया जाऊ नये म्हणून परचुऱ्यांनी दुसरा तक्ता दोन्ही शाळांना पाठवला होता, 'कच्च्या विद्यार्थ्यांची उल्लेखनीय प्रगती' असा मथळा देऊन. तो सूचनाफलकावर ठळक लागला होता. नावांसकट. शेवाळेबाई कौतुकाने म्हणाल्या की आठ दिवस पोरं फलकापुढून हलत नव्हती. खांबेट्यांनी चष्मा लावून स्वतःचाच तक्ता वाचला. बैठकीच्या खोलीत तो एक गोष्ट सांगत होता. इथे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो दुसरीच सांगत होता.

संस्कृती व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

'पायल शेवटच्या बाकावर जाऊन बसलीय,' ती म्हणाली. 'आठ दिवस झाले. मला काही विचारतच न्हाई. मी विचारलं की म्हणते, तुझे मार्क माझ्यामुळं गेले, आता तुझं तू बघ.'

'तसं काही—' खांबेटे म्हणाले आणि थांबले. तसंच होतं. त्यांनीच सिद्ध केलं होतं.

'तुम्हीच लिहिलंय ना ते?'

'हो.'

'त्या दिवशी तुम्ही मागं बसला होता. तेव्हा मला एकटीला सांगायचं होतं. मी कुणाला बोलले नसते.'

नावं उघड करायची नाहीत, हे खात्याच्या नियमात होतं, आणि तो नियम त्यांनी स्वतःच मोडला होता.

'तू कोथरूडला का नको म्हणतेस?'

'ती अशीच मागं बसून राहिली आणि मी निघून गेले, तर तिला काय वाटंल? तिच्यापायी गेले असंच वाटंल ना. मग ती शाळाच सोडंल. तिच्या घरी वाटच बघतायत.'

'आणि पुढे येऊन बसली तर?'

संस्कृतीने बोटाने भिंतीचा पोपडा खरवडला. 'तर जाईन. मला जायचंच हाय, सर.'

ते शेवटचं वाक्य तिने अगदी हळू म्हटलं. खांबेट्यांनी फलकाची काच सरकवली, टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि ते वर्गात गेले. वर्ग उठून उभा राहिला आणि बसला. शेवटच्या बाकावर खिडकीशी पायल एकटी बसली होती. दप्तर बाकावर शेजारी ठेवलेलं, म्हणजे दुसरं कुणी बसू नये.

छत्तीस वर्षांत खांबेट्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. मंत्रालयातून एकदा एक बडे साहेब एक आकडा जरा कमी करा म्हणून सांगायला आले होते. खांबेट्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं आणि त्याबद्दल तीन वर्षं गडचिरोलीत काढली होती. ही हकिकत ते सोसायटीत वर्षातून एकदा तरी सांगत.

'हा तक्ता मी केला,' त्यांनी घडी वर धरली. 'तो चुकला आहे. मी तो परत घेऊन चाललो आहे.'

दारात उभ्या असलेल्या शेवाळेबाईंनी पदर तोंडाला लावला.

'काय चुकलंय?' शेवटच्या बाकावरून पायलने विचारलं.

खोटं बोलणाऱ्याला तपशील विचारू नये, पण विचारला गेला होता. 'वजाबाकी,' खांबेटे म्हणाले.

'कुठली?'

'हुशार मुलांची. त्यांच्या आठवीच्या गुणांतून पाचवीचे वजा केले, तेव्हा दशकाकडून हातचा घेतला, पण एककात मिळवायचा राहिला. सगळीकडे राहिला. त्यामुळे त्यांची वाढ कमी दिसली. ती कमी नाही.'

पायल त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, त्या दिवशी फळ्याकडे पाहिलं होतं तशीच. आपण पकडले गेलो, असं खांबेट्यांना वाटलं.

'एवढे मोठे झालात तरी?' ती म्हणाली.

'एवढा मोठा झालो तरी.'

'मी पण हातचा विसरायचे.' तिने जरा विचार केला. 'संस्कृतीजवळ बसा. ती नीट सांगते. रागवत न्हाई.'

वर्ग खदखदून हसला. खांबेटे पहिल्या बाकापाशी गेले. संस्कृती व्हरांड्यातून आत येऊन आपल्या जागी बसली होती आणि वहीत तोंड खुपसून होती. ते तिच्या शेजारी बसले. बाक लहान मुलांचा, गुडघे मावेनात. तिने वहीचं कोरं पान उघडलं, एक वजाबाकी मांडली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. खांबेट्यांनी मान खाली घालून हातचा घेतला.

मागे दप्तर उचलल्याचा आवाज झाला. मग चपला घासत कुणीतरी मधल्या वाटेने आलं आणि त्यांच्या खांद्याशी उभं राहिलं.

'उठा, सर,' पायल म्हणाली. 'ती जागा माझी हाय.'

खांबेटे उठले.